एक गुंठा जमीन आणि आकाशातला डोळा

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातला एक तरुण मला भेटायला आला. लहानपणी तो वेदीसेवक होता आणि मिस्सा चालू असताना घंटा वाजवायला हमखास विसरायचा. आज तो युरोपातील एका विद्यापीठात पीएच.डी.नंतरचे संशोधन करतो. कसले संशोधन, असे विचारल्यावर तो म्हणाला, "फादर, उपग्रह पृथ्वीची छायाचित्रे घेतात. ती इतकी असतात, की माणसांनी जन्मभर बसून पाहिली तरी संपणार नाहीत. म्हणून ती पाहायला मी यंत्राला शिकवतो."

"आणि यंत्र शिकते?"

"शिकते. पण आपण शिकवू तेवढेच आणि तसेच."

हे शेवटचे वाक्य तो सहज बोलून गेला. माझ्या मनात मात्र ते घर करून राहिले. त्याने लॅपटॉप उघडून मला आमचेच गाव दाखवले. २०१६पासूनची छायाचित्रे एकामागून एक सरकत होती. चर्चचे छप्पर, वाड्या, बावखले आणि वसई स्टेशनच्या दिशेने दरवर्षी थोडी थोडी दाट होत गेलेली वस्ती. जिथे बदल झाला, तिथे यंत्राने लाल रंग भरला होता. चर्चच्या मागच्या बाजूला असे दोन डाग शेजारी शेजारी होते. पहिला मी लगेच ओळखला. २०२२ साली भराव घालून तयार केलेले आमच्या धर्मग्रामाचे ते क्रीडांगण. दुसरा डाग लहान होता आणि त्यावर यंत्राने 'पडीक' अशी नोंद केली होती. ती जमीन कुणाची, हे मला ठाऊक होते. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध विधवेचे ते अकरा गुंठ्यांचे भातशेत. सारे गाव त्यांना मावशी म्हणते.

"हा बदल क्रीडांगणानंतरच्या वर्षीचा आहे," तो तरुण म्हणाला. "का झाला, ते यंत्र सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी तिथे जायला हवे."

त्या शेताची हकीकत मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी, त्या संध्याकाळपासून मला छळणारा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. जो पाहतो, त्याच्यावर पाहण्यामुळे काही जबाबदारी येते काय? आणि येत असेल, तर आपल्या वतीने पाहणारे यंत्र निर्माण केल्यावर ती जबाबदारी हलकी होते की जड होते?

डोळा कसा पाहतो

युरोपीय अवकाश संस्थेच्या 'सेंटिनेल-२' मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५मध्ये सोडण्यात आला. सेंटिनेल म्हणजे पहारेकरी. सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरणारे या मालिकेतले दोन उपग्रह मिळून साधारणपणे दर पाच दिवसांनी त्याच जमिनीवर पुन्हा नजर टाकतात. त्यांनी टिपलेली छायाचित्रे जगातल्या कुणालाही विनामूल्य मिळतात. त्यांच्या सर्वांत स्पष्ट चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा जमिनीचा तुकडा, म्हणजेच शंभर चौरस मीटर. आणि आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक! हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटला. ज्या मापाने आपले बापजादे वाटण्या करीत आले, भावाभावांत भांडत आले आणि लेकींच्या लग्नासाठी जमीन विकत आले, जवळजवळ त्याच मापाने हा पहारेकरी पृथ्वी मोजतो. मावशींचे शेत त्याच्या हिशेबी अकरा ठिपके.

हा डोळा आपल्या डोळ्यासारखा नाही. तो प्रकाशाच्या तेरा निरनिराळ्या पट्ट्यांत पाहतो आणि त्यांतल्या कित्येक आपल्याला दिसतच नाहीत. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. झाड आजारी पडले की हे प्रमाण बदलते, आणि कधी कधी पान पिवळे पडलेले शेतकऱ्याला दिसण्याआधीच ते बदललेले असते. भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ याच तत्त्वावर झाला, आणि तोही आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या जिव्हाळ्याच्या झाडापासून. १९७०च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधील माडांच्या बागांची हवेतून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली आणि माडांना लागलेला मुळांचा रोग त्यांत ओळखता येतो, असे दिसून आले. पुढे १९७९ साली 'भास्कर' आणि मार्च १९८८मध्ये 'आयआरएस-१ए' हे भारताचे उपग्रह आकाशात गेले. जुलै २०२५मध्ये श्रीहरिकोटाहून इस्रो आणि नासा यांचा 'निसार' झेपावला. तो रडारच्या साहाय्याने पाहतो, त्यामुळे ढग किंवा रात्र त्याला आडवी येत नाही. कोकणच्या पावसाळ्यात साध्या प्रकाशावर चालणारा डोळा चार महिने जवळजवळ आंधळा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या रडारचे मोल कळते.

परंतु छायाचित्रांचा ढीग म्हणजे ज्ञान नव्हे. इथे आमच्या तरुणाचे काम सुरू होते. यंत्राला हजारो चित्रे दाखवायची आणि प्रत्येकाखाली नाव लिहायचे : हे जंगल, ही नदी, हे भाताचे शेत. अलीकडे आणखी एक युक्ती वापरतात. चित्राचा काही भाग झाकायचा आणि उरलेल्या भागावरून झाकलेला भाग कसा असेल, हे यंत्राला ओळखायला लावायचे. लाखो चित्रांवर असा सराव झाला, की यंत्राला पृथ्वीच्या रूपाची एक सर्वसाधारण ओळख होते. मग थोड्याशा उदाहरणांवरून ते पूर, वणवा किंवा पीक ओळखू लागते. ऑगस्ट २०२३मध्ये नासा आणि आयबीएम यांनी असे एक प्रारूप सर्वांसाठी खुले केले. त्याला नाव दिले आपल्याकडचेच : 'पृथ्वी'.

अज्ञानाचे दोन प्रकार

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना अज्ञानावर आम्हांला एक संपूर्ण प्रकरण असे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात जे विवेचन केले, त्याचे सार थोडक्यात असे : जे जाणून घेणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते, त्याचे अज्ञान त्याला दोषातून मुक्त करते. पण जे जाणून घेता आले असते आणि जाणून घेणे कर्तव्यही होते, ते आळसाने किंवा सोयीसाठी टाळले, तर ते अज्ञान हाच दोष ठरतो. त्या वयात हा भेद मी परीक्षेपुरता पाठ केला. आज वाटते, की आकाशातल्या या डोळ्याविषयी विचार करायला यासारखी दुसरी किल्ली नाही. कारण हा डोळा आपल्या अज्ञानाची जातच बदलून टाकतो. काल जे खरोखर कळण्यासारखे नव्हते, ते आज कळण्यासारखे झाले आहे. काल जी निरागसता होती, ती आज बेपर्वाई ठरू शकते.

ॲमेझॉनचे उदाहरण घ्या. ब्राझीलची राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८पासून उपग्रहांच्या साहाय्याने तिथल्या जंगलतोडीचा वार्षिक हिशेब ठेवते. २००४ साली तिने, तोड चालू असतानाच इशारा देणारी यंत्रणाही उभी केली. त्या वर्षी सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल नष्ट झाले होते. २०१२ साली हा आकडा सुमारे ४,६००पर्यंत खाली आला. हा डोळ्याचा विजय म्हणावा काय? अंशतःच. इशारा मिळताच निरीक्षक जंगलात गेले, दंड झाले, बेकायदा तोड करणाऱ्यांची कर्जे अडली, राखीव क्षेत्रे वाढली. पुढे राज्यकर्त्यांचे मन पालटले. डोळा तोच होता, किंबहुना अधिक तीक्ष्ण झाला होता. तरीही २०२१ साली नष्ट झालेले जंगल पुन्हा १३,००० चौरस किलोमीटरांवर गेले. दरम्यान, २०१९ साली राष्ट्राध्यक्षांनी संस्थेचे आकडे खोटे ठरवले, तेव्हा संस्थेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गाल्व्हाओ यांनी त्या आकड्यांची उघडपणे पाठराखण केली. त्या ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. २०२३पासून तोड पुन्हा घटू लागली.

यंत्राने "आम्हांला ठाऊक नव्हते" ही सबब काढून घेतली. परंतु सबब गेली म्हणून माणूस आपोआप सज्जन होत नाही. तो दुसरी सबब शोधतो. आकडेच खोटे आहेत, असे म्हणतो. अशा वेळी पाहिलेल्याची साक्ष देणारा माणूस लागतो, आणि त्या साक्षीची किंमत तो माणूस मोजतो, यंत्र मोजत नाही.

भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला तिघांनी पाहिले होते. दिसण्याच्या बाबतीत तिघेही सारखेच. माझ्यासारख्याला तो दाखला नेहमी टोचतो, कारण पाहून पुढे निघून गेलेला पहिला मनुष्य माझ्याच पेशाचा होता.

थुंब्याचे ऋण

अवकाशशास्त्राविषयी बोलताना भारतीय कॅथलिकांना थुंब्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या या मच्छीमारांच्या गावाजवळून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते. म्हणून १९६०च्या दशकाच्या आरंभी डॉ. विक्रम साराभाई यांना अग्निबाणांच्या तळासाठी ती जागा हवी होती. तिथे संत मेरी माग्दालेनाचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी भाविकांना विश्वासात घेऊन ते चर्च विज्ञानाच्या कामाला दिले. गावकरी दुसरीकडे हलले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र ही गोष्ट एका ऋणाचीही आहे. ज्या मच्छीमारांनी आपले घर आणि चर्च दिले, त्यांना आकाशातल्या डोळ्याने काय परत दिले?

पुष्कळ दिले, हे कृतज्ञतेने मान्य करायला हवे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कुठे असण्याचा संभव आहे, हे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना कळवते. वादळांचे तर विचारूच नका. ऑक्टोबर १९९९च्या ओडिशातील महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर २०१३मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच सुरक्षित जागी हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. या चौदा वर्षांत आकाशातली नजर सुधारली हे खरे. पण दार ठोठावून म्हाताऱ्यांना निवाऱ्यात नेणारे गावोगावचे स्वयंसेवकही याच काळात तयार झाले.

आणि तरीही नोव्हेंबर २०१७ संपता संपता 'ओखी' वादळ आले, तेव्हा दक्षिण केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. तिथपर्यंत मोबाइलचा आवाज पोहोचत नाही. वादळ आकाशातल्या डोळ्याला दिसत होते. होडीतल्या माणसापर्यंत शब्द गेला नाही. कितीतरी घरांत ती नाताळची रात्र अंधारात गेली. त्यानंतर २०१९ साली, खोल समुद्रातही उपग्रहामार्फत इशारा पोहोचवणारे 'जेमिनी' नावाचे उपकरण आले. शहाणपण आले, पण ते किती जिवांच्या मोलाने आले!

पाहणे आणि वाचवणे यांच्यामध्ये एक लांब साखळी असते. यंत्र तिची पहिली कडी कितीही बळकट करो, शेवटची कडी माणसाच्या हातातच असते.

दहा कप्पे

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले, की डोळ्याला जे दिसते ते खरेच असते. त्या तरुणाने माझा हा भ्रमही दूर केला.

या विषयात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला बाराखडीच्या पुस्तकासारखा एक चित्रसंग्रह दिला जातो. त्याचे नाव 'युरोसॅट'. जर्मनीतील संशोधकांनी तो तयार केला. त्यात सेंटिनेल-२ने घेतलेली युरोपातील ३४ देशांची २७,००० लहान लहान चित्रे आहेत आणि त्यांची दहा प्रकारांत विभागणी केली आहे : हंगामी पीक, कायमचे पीक, कुरण, जंगल, झुडपी हिरवळ, महामार्ग, कारखाने, वस्ती, नदी आणि समुद्र वा सरोवर. त्यावर शिकलेल्या यंत्राने ९८.५७ टक्के उत्तरे बरोबर दिली. परीक्षेत एवढे गुण मिळवणारा विद्यार्थी आमच्या शाळेत निघाला, तर आपण त्याचा सत्कार करू.

"पण फादर," तो तरुण हसत म्हणाला, "आपली वाडी यातल्या कुठल्या कप्प्यात घालू?"

मी विचारात पडलो. वसईची वाडी म्हणजे वर माड, मध्ये केळी, कडेला पानवेल, मोकळ्या पट्ट्यात भाजी किंवा मोगरा, कोपऱ्यात बावखल आणि मधोमध घर. ती हंगामी पीक आहे, कायमचे पीक आहे, वस्ती आहे आणि पाणीही आहे. युरोपातल्या मोठमोठ्या शेतांवर शिकलेल्या यंत्रापुढे ती ठेवली, तर ते गोंधळणार नाही, ही खरी अडचण आहे. आपल्याकडच्या दहा कप्प्यांपैकी एकात ते तिला आत्मविश्वासाने बसवेल. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार भारतातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.०८ हेक्टर आहे. अशा लहान, मिश्र, बांधाबांधाने बदलणाऱ्या शेतांच्या देशात ही चूक किरकोळ राहत नाही. उद्या कुणी विम्याची भरपाई, कर्ज किंवा रस्त्याची आखणी याच नकाशावरून ठरवू लागला, तर ज्याला कप्पा नाही त्याला हक्कही उरत नाही.

आता अन्य प्रदेशांतले चित्रसंग्रहही तयार होत आहेत आणि संशोधक याविषयी जागरूक आहेत. पण तत्त्व तेच राहते. यंत्राला कोणते शब्द शिकवायचे, हे माणूस ठरवतो, आणि जे त्याला महत्त्वाचे वाटत नाही, त्यासाठी तो शब्दच शिकवत नाही. अक्वायनस यांनी सांगितलेल्या दोन अज्ञानांत हे आणखी एक मिळवावे लागेल : जे अज्ञान आपण स्वतः घडवतो आणि मग ज्ञान म्हणून वापरतो.

दुपारी दीड वाजता

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. पंजाब आणि हरियाणात भाताची कापणी झाली, की उरलेली धसकटे शेतातच पेटवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. ही आग टिपणारे महत्त्वाचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास तिथून जात असत. त्यांच्या नोंदींवरून आगी मोजल्या जातात आणि शेतकऱ्यांना दंडही होतो. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने हा दंड दुप्पट केला : दोन एकरांपेक्षा कमी जमिनीला ५,००० रुपये, पाच एकरांपर्यंत १०,००० आणि त्याहून अधिक असल्यास ३०,०००. त्याच हंगामात नासाच्या गोडार्ड केंद्रातील संशोधक हिरेन जेठवा यांनी, दक्षिण कोरियाच्या सतत एकाच भागावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाच्या आधारे, एक गोष्ट निदर्शनास आणली. आगी आता दुपार टळल्यावर, उपग्रह निघून गेल्यानंतर लागत होत्या.

हे वाचून मला आधी हसू आले. मास्तर वर्गाबाहेर गेले की दंगा करणारी मुले आठवली. मग हसू मावळले. शेतकऱ्याला आग का लावावी लागते, हे तिथे कुणी विचारले होते काय? भूजल वाचावे म्हणून २००९ साली त्या राज्यांत कायदा झाला आणि जूनमधल्या ठराविक तारखेआधी भाताची लावणी करण्यास बंदी आली. लावणी लांबली, म्हणून कापणी लांबली, आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला जेमतेम काही दिवस उरले. पाणी वाचवण्याच्या सद्हेतूतून असा धुराचा एक उगम निघाला. यामुळे आग लावणे योग्य ठरत नाही. दिल्लीतल्या दम्याच्या मुलाचाही श्वास इथे पणाला लागलेला आहे. परंतु ज्याच्याकडे केवळ वरून पाहिले जाते आणि ज्याला केवळ दंडाची पावती मिळते, तो सुधारत नाही. तो त्या डोळ्याची वेळ शिकून घेतो.

जमिनीवरचे सत्य

या शास्त्रात एक फार सुंदर संज्ञा आहे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासण्यासाठी कुणीतरी प्रत्यक्ष त्या जागी जाऊन जी नोंद आणतो, तिला 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतात. जमिनीवरचे सत्य. सातशे किलोमीटर उंचीवरच्या, कोट्यवधी रुपयांच्या डोळ्यालाही अखेर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या साक्षीची गरज लागते, ही शास्त्राने दिलेली नम्र कबुलीच आहे. जानेवारी २०२५मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अँतिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. मानवी बुद्धी म्हणजे केवळ कामे उरकण्याची क्षमता नसून ती देहात आणि नात्यांत नांदते, असा विचार त्यात मांडलेला आहे. चिखलात उभा असलेला तो माणूस हे त्या विचाराचे चित्रच म्हणता येईल.

मी हे त्या तरुणाला म्हणालो, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फादर, माझी नेमणूक दोन वर्षांची आहे. तेवढ्यात निबंध छापून आले नाहीत, तर पुढची नोकरी नाही. यंत्राची अचूकता अर्ध्या टक्क्याने वाढवली तर निबंध छापला जातो. एखाद्या गावात महिनाभर राहून नावे बरोबर लावली आहेत का ते तपासले, तर कुणी विचारत नाही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. खंत होती. त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळून चुकले.

कारण त्या आठवड्यात मी मावशींकडे गेलो. चर्चपासून त्यांचे घर चालत सात मिनिटांवर. त्यांनी चहा केला. मी शेताचा विषय काढल्यावर त्या काही न बोलता उठल्या आणि मला मागे घेऊन गेल्या. अकरा गुंठ्यांत गुडघाभर लव्हाळा माजला होता. शेताच्या कडेने एक जुना ओहोळ येत होता आणि आमच्या क्रीडांगणाच्या भरावाला टेकून संपत होता. पाणी पूर्वी तिथून खाडीकडे जायचे. भराव पडल्यापासून ते आगेराचा सण उलटून गेला तरी शेतातच तुंबून राहते. २०२३ साली लावलेले भात मुळापासून कुजले. त्यानंतर त्यांनी लावणी केली नाही.

"मावशी, तुम्ही मला सांगितले का नाही?"

"काय सांगणार, फादर? मैदान पोरांसाठी होते. संध्याकाळी खेळतात, आवाज येतो, बरे वाटते." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आगेराच्या मिस्सेत बोललात ना, जमीन पडीक ठेवणारे बिल्डरच्या भावाची वाट बघतात म्हणून. मग मी कशी येणार सांगायला?"

ते प्रवचन मला आठवत होते. ते चांगले झाल्याचे कित्येकांनी मला सांगितले होते. मावशी तेव्हा नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. यंत्राने त्या शेताला 'पडीक' म्हटले, ते त्याला दुसरा शब्द शिकवलेला नव्हता म्हणून. मला दुसरे शब्द येत होते, तरी मी तोच वापरला. माझ्या खोलीची खिडकी त्या शेताकडे उघडते. भराव घालण्याआधी गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारले असते, तरी पाण्याची वाट त्याने बोटाने दाखवली असती. माझे अज्ञान दोन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचे होते, हे सांगायला कोणत्याही धर्मपंडिताची गरज नाही. मी मावशींची क्षमा मागितली. पुढच्या रविवारी भर मिस्सेत लोकांनाही सारे सांगितले.

उन्हाळ्यात आम्ही क्रीडांगणाखालून सिमेंटचे दोन पाइप टाकले. ओहोळ पूर्वीसारखा होणार नाही, पण पाण्याला वाट मिळेल असे जाणकार म्हणतात. ते कितपत खरे, हे येत्या पावसाळ्यात ठरेल. त्या तरुणाला मी हे सारे कळवले. त्याचे उत्तर आले. आपल्या अकरा ठिपक्यांवरची 'पडीक' ही नोंद पुसून त्याने तिथे 'पाणी तुंबलेले भातशेत' असे लिहिले आहे. एवढ्याने कुठलाही निबंध छापून येणार नाही, असेही त्याने पुढे लिहिले आहे.

मावशींनी यंदा भाताचे बियाणे काढून ठेवले आहे. पीक उभे राहिले, तर पुढच्या चित्रांत ते पहारेकऱ्याला दिसेलच. त्याआधी ते मला माझ्या खिडकीतून दिसले पाहिजे.